अंदाजपंचे!

"मीठ किती घालू?"

"अंदाजाने."

"म्हणजे किती?"

"लागेल तेवढं."

मंडळी, हा संवाद तुमच्या घरी कधी झालाय? झाला नसेल तर दोनच शक्यता आहेत. एक तर तुम्ही स्वयंपाकघरात फक्त फ्रीज उघडायला जाता, किंवा तुमची आई फारच सज्जन आहे! आमच्याकडे या फेब्रुवारीपासून हा डायलॉग रोज, दोन्ही वेळेला, सहा आठवडे चालू होता.

झालं असं, की आमच्या मातोश्री सोसायटीच्या जिन्यावरून घसरल्या. सकाळी फिरून येत होत्या, पायरी नुकतीच पुसलेली, पडताना हात टेकला आणि उजवं मनगट फ्रॅक्चर. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. घरी येताना रिक्षात आईचा पहिला प्रश्न काय असावा? "कणीक भिजवून ठेवलीये फ्रीजमध्ये. पोळ्या कोण लाटणार?"

रिक्षात एकदम शांतता. बाबा बाहेरचा ट्रॅफिक बघायला लागले. मी मोबाइल काढला.

आता थोडं माझ्याविषयी. वय वर्षं 29, हिंजवडीत नोकरी, हाताखाली आठ जणांची टीम. मला येणारे पदार्थ : मॅगी, ऑम्लेट आणि तीन प्रकारचे पास्ते. व्हाइट सॉस, रेड सॉस आणि दोन्ही उरले की पिंक सॉस. माझ्या धाकट्या भावाची परिस्थिती याहून बिकट. तो चहा मायक्रोवेव्हमध्ये करतो. आणि बाबा? बाबांना पाणी कुठे ठेवलंय ते माहीत आहे.

पहिले तीन दिवस आम्ही ॲपवरून जेवण मागवलं. चौथ्या दिवशी बाबांची ॲसिडिटी बाहेर आली. पाचव्या दिवशी आजीने, वय वर्षं 85, ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मला आपली पेज द्या. ही कसली भाजी, सगळ्या भाज्यांना एकच चव!" झालं. सहाव्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात शिरले. दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर, हात गळ्यात बांधून, आई. आमची डायरेक्टर!

मी काय केलं असेल? अर्थात, एक्सेल शीट! कॉलम ए पदार्थ, बी साहित्य, सी प्रमाण, डी वेळ. एकदा डेटा भरला की फंडा क्लिअर, असा माझा समज. पहिला पदार्थ आमटी.

"गोडा मसाला किती?"

आईने प्लास्टरमधून बाहेर आलेली पाच बोटं हवेत जुळवली, जरा हलवली आणि म्हणाली, "एवढा."

मी म्हटलं, "थांब, डाव्या हाताने घे, मी वजन करते." तिने डावा हात डब्यात घातला, मसाला उचलला, बघितला आणि परत डब्यात टाकला. "डाव्या हाताला नाही गं कळत," ती म्हणाली. आणि तिचं तिलाच हसू आलं.

मला पहिल्यांदा नीट लक्षात आलं. गेली पस्तीस-छत्तीस वर्षं हे सगळं तिच्या उजव्या हातात होतं. तिने ते कधी शब्दांत मांडलंच नव्हतं, तशी वेळच आली नव्हती. आता हात बांधलेला, त्यामुळे तोंडाने सांगणं भाग होतं. आणि एकदा तिला शब्द सापडायला लागल्यावर ती जे काही बोलायला लागली ना, बापरे!

"मोहरी टाकलीस की थांब. आधी एखाद-दुसरा दाणा उडेल, त्याला भुलू नको. मग सगळ्या एकदम बोलायला लागतील. तो आवाज ओसरायला लागला की हिंग. हळद सगळ्यात शेवटी, नाहीतर जळते आणि आमटी काळपट दिसते."

"चिंच डाळ शिजल्यावरच. आंबट पडलं की डाळ शिजायचं नाव घेत नाही."

"कणीक कानाच्या पाळीइतकी मऊ. दाबून बघ. डोहाळे लागल्यासारखी कान काय चाचपतेस, कणीक दाब!"

"शिऱ्याचा रवा भाजला गेला की उलथन्याला हलका लागतो. आधी जड असतो. रंग बघत बसलीस तर करपेल."

"साबुदाण्याचा दाणा दोन बोटांत चुरडला गेला पाहिजे. मधे टणक लागला तर अजून एक पाण्याचा हबका."

माझ्या शीटमधला 'वेळ' हा कॉलम रिकामाच राहिला. किती मिनिटं, असं विचारलं की आई म्हणायची, "मिनिटं मला काय माहीत? वास लिही." म्हणून मी शेवटी कॉलम ई उघडला. नाव दिलं 'खूण'. त्यात वास, आवाज, बोटाला काय लागतं ते सगळं. सांगते तुम्हाला, त्या शीटमध्ये आज सगळ्यात भरलेला कॉलम तोच आहे.

अर्थात, रिझल्ट लगेच सही आले असं समजू नका. पहिली आमटी इतकी घट्ट, की भावाने चमचा उभा करून दाखवला. पहिल्या पोळ्या बघून आजी म्हणाली, "शाळेत भूगोल कच्चा होता ना तुझा? आता बरा आलाय." शिवाय डायरेक्टर एक असली तरी प्रोड्युसर आजी होती. आईने शिऱ्यात निम्मं दूध, निम्मं पाणी सांगितलं की आतल्या खोलीतून आवाज यायचा, "पाणी कशाला? दूधच घाल." मग आई अगदी गोड आवाजात, "आई, तुम्ही दूध घालता. मी निम्मं-निम्मं घालते." मी दोन वाट्या हातात घेऊन मधे उभी. भारत-पाक सीमेवर पोस्टिंग मिळाल्यासारखी!

दहाव्या दिवशी माझी पहिली घडीची पोळी फुगली. मी नाचायचीच बाकी होते. त्या आनंदात मी आईला विचारून टाकलं, "आई, तू मला हे आधी का नाही शिकवलंस गं? किती मजा आली असती."

आई म्हणाली, "मुद्दाम."

मला वाटलं चेष्टा करतेय.

"खरंच मुद्दाम," ती म्हणाली. "तू आत आलीस की मी तुला बाहेर पाठवायचे. अभ्यास कर, पुस्तक वाच, काहीही कर. माझ्या आईनंही मला असंच बाहेर पाठवलं होतं. कऱ्हाडहून पुण्याला हॉस्टेलवर, शीक म्हणाली, परीक्षा दे, नोकरी लाग. मी बी.कॉम. झाले, बँकेत लागले. अठ्ठ्याऐंशी साली लग्न करून या घरात आले तेव्हा मला येत होते पोहे आणि चहा. घरात आठ माणसं. सकाळी आठ जणांचा स्वयंपाक करून आठ-चाळीसची बस. संध्याकाळी उतरलं की परत तेच. आणि येत नाही म्हणून बोलणी. शिकले. सगळं शिकले. मग काय झालं? मला येतं, म्हणून मीच करायचं. आजारी असले तरी मीच, ऑडिट असलं तरी मीच."

मग जरा थांबून म्हणाली, "मला वाटलं, तुला येतच नसेल तर तुला कोणी 'तू कर' म्हणणार नाही. न येणं हीसुद्धा एक सोय असते."

खरं सांगू? मला बोलायला काही सुचलं नाही. कारण मी कोण, तर ऑफिसमध्ये डबा उघडला की आधी फोटो काढणारी. त्याखाली 'आईच्या हातची चव' असं लिहून तीन बदाम टाकणारी. त्या हाताला रोज ती चव तयार करायची इच्छा आहे का, हे मी 29 वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. तुम्ही विचारलंय?

ही गोष्ट इथेच संपली असती. पण मधे होळी आली.

होळीला पुरणपोळी, हा आमच्या घरातला न बदलणारा नियम. त्या दिवशी आई-बाबा एक्स-रे काढायला गेले होते. माझं वर्क फ्रॉम होम. मी ठरवलं, सरप्राइज! दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, व्हिडिओत सांगितल्या तेवढ्या शिट्ट्या, वरचं पाणी गाळून कटाच्या आमटीसाठी बाजूला. इथपर्यंत झकास. डाळ बोटचेपी होती, पुरती मऊ नव्हती. मी म्हटलं, गुळाबरोबर शिजेल की! दोन वाट्या गूळ घातला आणि मीटिंगला बसले, मधून मधून ढवळत.

पाऊण तास झाला तरी पातेल्यात गुळाचा पाक आणि त्यात टणक डाळ. शेंगदाण्याच्या चिक्कीचा चुलतभाऊ! जी गोष्ट आईने चिंचेच्या बाबतीत सांगितली होती, तीच गुळाचीही. गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही. पण हे माझ्या कॉलम ई मध्ये नव्हतं. माझी पार वाट लागली.

काठीचा आवाज आला. आजी. तिने पातेल्यात डोकावलं, एक डाळ उचलली, दातांनी नाही म्हणून नखाने चिरून बघितली.

मी म्हटलं, "टाकून देऊ का गं आजी?"

"टाकायचं कशाला? गरम पाणी घाल, डाळ बुडेल इतकं. पातेलं झाकण ठेवून कुकरच्या आत ठेव. बारीक गॅसवर चांगल्या सहा-सात शिट्ट्या. मग मिक्सरमधून काढायचं आणि कढईत आटवायचं, उलथनं उभं राहीपर्यंत. पुरणयंत्राच्या पुरणासारखं लागणार नाही. पण पोळी होईल."

मी कुकर लावला. आजी खुर्चीवर बसली. आईचीच, दारातली. आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या आईनंही असंच केलं होतं. पहिल्या होळीला."

मी वळून बघितलं. आजीच्या मागे, दारात, आई उभी होती. दोघं डॉक्टरांकडून परत आले होते, आम्हाला लॅचचा आवाजच आला नव्हता. आजीला ती दिसत नव्हती.

"मग तेव्हा तू हेच सांगितलंस का?" मी विचारलं.

"नाही. मोरीत ओतायला लावलं. घरात पाहुणे होते, त्यांच्यादेखत." आजी काठीच्या मुठीवर अंगठा फिरवत राहिली. "हे गरम पाण्याचं येत होतं मला. सांगता आलं असतं. नाही सांगितलं. मलाही कधी कोणी सांगितलं नव्हतं, ओरडा खाऊनच शिकले होते. वाटलं, असंच शिकवतात."

कुकरची एक शिट्टी झाली. आई आत आली. आजी दचकली, आणि मग दचकल्याचं लपवायला म्हणाली, "आलीस का? काय म्हणाले डॉक्टर?"

"हाड जुळतंय म्हणाले," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, "जाऊ द्या आई, जुनं झालं ते." आणि माझ्याकडे वळून, "गॅस अजून बारीक कर. गूळ आहे त्यात, लागेल."

बस्स. एवढंच. सिनेमात असतं तसं गळ्यात पडणं, रडणं, काहीही नाही. बाबा तेवढ्यात म्हणाले, "असं काही झाल्याचं मला तर आठवत नाही!" तेव्हा दोघींनी मिळून त्यांच्याकडे जे बघितलं, त्यावरून मला कळलं की आता सासू-सुनेचं सरकार एक झालंय. बाबांनी मुकाट्याने वेलदोडे सोलायला घेतले.

पहिल्या दोन पुरणपोळ्या फुटल्या, तिसरी जमली. पुरण जरा चिकट झालं होतं, खोटं कशाला बोलू? पण रात्री जेवताना आजीने आपल्या वाटचं तूप आईच्या पोळीवर वाढलं. आईचा डावा हात, त्यामुळे तिला तुकडा मोडता येत नव्हता. आजीने तोही मोडून दिला.

रात्री आई माझ्या खोलीत आली. साड्यांच्या कपाटातून काहीतरी काढून आणलं होतं. ब्राउन पेपरचं कव्हर, कोपरे दुमडलेले, हळदीचे आणि तेलाचे डाग. आत 'रुचिरा'. कमलाबाई ओगले यांचं.

"त्या होळीच्या दुसऱ्या आठवड्यात अप्पा बळवंत चौकातून आणलं," ती म्हणाली. "माझ्या पगारातून. घरी दिसलं तर परत बोलणी, म्हणून बँकेच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचे. बसमध्ये वाचायचे. उद्या काय करायचं ते पाठ करून घरी यायचे."

म्हणजे ज्या चवीला मी आयुष्यभर 'आमच्या घरची पारंपरिक' म्हणत आले, ती निम्मी तरी आठ-चाळीसच्या बसमध्ये पाठ केलेली होती! मी थक्क झाले. मग थोडं वाचलं तेव्हा कळलं की यात आई एकटी नव्हतीच. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणी-मित्र अथवा हजार पाकक्रिया' 1910 सालचं आहे. म्हणजे मराठी बायका शंभराहून जास्त वर्षं पुस्तकं उघडून स्वयंपाक शिकतायत. 'रुचिरा' आलं 1970 मध्ये. त्यातली गंमत म्हणजे मापं वाटी आणि चमच्याची. ज्या नव्या नवरीजवळ वजनकाटा नाही आणि विचारायला माणूस नाही, तिच्याजवळ वाटी आणि चमचा तर असतोच ना! आई-आजीने शिकवलं नाही, किंवा शिकवण्याच्या नावाखाली फक्त रागावल्या, त्या सगळ्या मुलींना न रागावणारं कोणीतरी मिळालं.

आईच्या प्रतीत समासभर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं आहे. 'आईंना तिखट कमी.' 'गूळ थोडा जास्त.' 'ह्यांना आवडलं नाही, परत करू नये.' आणि एका पानावर नुसतंच, 'जमलं!' पुढच्या पानांवर या नोंदी विरळ होत जातात. शेवटी शेवटी काहीच नाही. मी विचारलं, "इथून पुढे का नाही लिहिलंस?"

"मग काय लिहायचं? हाताला कळायला लागलं."

तर मंडळी, आईचा तो डोकं फिरवणारा 'अंदाज' असा वाटी-चमच्यातूनच निघालाय. हजार वेळा मोजून झाल्यावर तिने मोजणं सोडलं. आपण थेट शेवटच्या पानावरून सुरुवात करायला बघतो आणि मग म्हणतो, आई नीट सांगत नाही!

मार्चच्या शेवटी प्लास्टर निघालं. हात बारीक झालेला, मनगट आखडलेलं. फिजिओथेरपिस्टने एक मऊ निळा बॉल दिला, दिवसातून चार वेळा दाबायला. घरी आल्यावर आजीने बॉल हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "यापेक्षा कणीक मळ की. हाताला व्यायाम होईल आणि कामही."

आईने बॉल परत घेतला. "नाही," ती म्हणाली. "मी बॉलच दाबणार."

आजी क्षणभर बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. दाब."

आता आमच्या फ्रीजवर वेळापत्रक आहे. सोमवार, गुरुवार मी. मंगळवार, शुक्रवार भाऊ, ज्याची आमटी माझ्यापेक्षा चांगली होते हे मी इथे पहिल्यांदा आणि शेवटचं कबूल करतेय. बुधवारी बाबांची खिचडी. या खिचडीबद्दल मी पुढे कधीतरी लिहीन, धीर एकवटला की. शनिवारी बाहेरून. रविवार आईचा, पण अट तिची : मूड असेल तर. गेल्या दोन रविवारी मूड नव्हता. ती मैत्रिणींबरोबर नाटकाला गेली.

परवा सोमवारी मी फोडणी घालत होते. हॉलमध्ये आई टीव्हीसमोर, पाय वर घेऊन, निळा बॉल दाबत बसलेली. कढईत मोहरी टाकली. एक दाणा उडाला, दुसरा उडाला. मी हिंगाची डबी उघडली.

"थांब!" हॉलमधून आवाज आला. "अजून सगळ्या बोलल्या नाहीत."

मी थांबले.